मे महिन्यात नाला वाहतोय? गावातल्या ओढ्या-नाल्याची तब्येत तपासण्याची रीत

जळगावचा लेंडी नाला, धुळ्याचा मोती नाला, चाळीसगावची तितूर आणि डोंगरी, अमळनेरची बोरी, पाचोऱ्याची हिवरा. कागदोपत्री यांतल्या काही नद्या आहेत, काही नाले. पण गावात शिरल्यावर फरक उरत नाही. पुलावरून जाताना नाकाला रुमाल सगळीकडेच लागतो. असा एखादा प्रवाह नेमका किती बिघडलाय, कुठून बिघडलाय आणि त्यात अजून काय जिवंत आहे, हे चार-पाच जणांच्या गटाला फारसा खर्च न करता शोधता येतं. रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. वही आणि चिकाटी मात्र लागते.

सुरुवातीला एक गोष्ट पक्की करून घ्या. नाल्याच्या तपासणीचे बहुतेक तक्ते बारमाही ओढ्यांसाठी बनवलेले असतात. त्यांत पात्र कोरडं दिसलं की गुण कापले जातात. खान्देशात हा हिशेब उलटा पडतो. वर्षाला ६००–७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. खाली काळा पाषाण, त्यात पाणी धरून ठेवायला जागा थोडी. त्यामुळे लहान नाला दिवाळीनंतर बारीक होतो, संक्रांतीच्या आसपास तुटतो आणि पुढे फक्त डोहांत पाणी राहतं. हा त्याचा स्वभाव आहे. मे महिन्यात, आजूबाजूच्या विहिरी तळाला गेलेल्या असताना, नाला खळखळ वाहत असेल तर ते पाणी बहुतेक वेळा न्हाणीघर, संडास आणि धुणीभांड्यांचं असतं. पाणी आहे म्हणून नाला जिवंत, ही नवख्यांची पहिली चूक.

कधी जायचं

वर्षातून तीन फेऱ्या पुरतात.

पहिली फेरी दसऱ्यानंतर, शेवटच्या मोठ्या पुराला दोन-तीन आठवडे झाल्यावर. गढूळपणा बसलेला असतो, प्रवाह चालू असतो आणि पुरात वाहून गेलेले किडे परत वस्तीला आलेले असतात. जीव मोजायचे असतील तर हीच फेरी खरी. दुसरी फेरी जानेवारीत. तेव्हा शेतातून झिरपणारं पाणी कमी होतं आणि सांडपाण्याचा वाटा उघडा पडतो. तिसरी मे महिन्यात. तेव्हा फक्त प्रवाह मोजायचा आणि कुठला पाइप वाहतोय ते नोंदवायचं.

काही दिवस टाळायचे. कानबाईचं किंवा गणपतीचं विसर्जन झाल्यावर आठ-दहा दिवस थांबा. मृगाच्या पहिल्या पावसानंतर लगेच घेतलेला नमुना वर्षभराची घाण एका बाटलीत दाखवतो. स्वतंत्र नोंद म्हणून तो मोलाचा, तुलनेला निरुपयोगी. पांझरा किंवा गिरणेसारख्या नदीत धरणाचं आवर्तन सुटलेलं असेल तर त्या नदीचे त्या आठवड्यातले आकडे धरूच नका, धरणाचं पाणी सगळं पातळ करून टाकतं.

आणखी एक नोंद इथल्या गावांत फार कामाची: त्या दिवशी नळाला पाणी आलं होतं का? चार-आठ दिवसांआड पाणी येणाऱ्या वस्तीत नळाच्या दिवशी धुणी निघतात, टाक्या ओसंडतात आणि नाल्याची पातळी वाढते. एका फेरीत नळाचा दिवस आणि दुसऱ्या फेरीत कोरडा दिवस असेल, तर तुम्ही नाला नव्हे, पाणीपुरवठ्याचं वेळापत्रक मोजताय.

ठिकाणं

भूमी अभिलेखाचा गाव नकाशा किंवा सिटी सर्व्हेचा नकाशा घ्या, त्याला उपग्रह नकाशा लावून बघा. जुन्या नकाशात नाला जिथे वळण घेतो तिथे आज सरळ काँक्रीटची गटार किंवा व्यापारी गाळे दिसले, तर तीच पहिली नोंद.

मग किमान तीन ठिकाणं निवडा, प्रत्येक १०० मीटर लांबीचं. एक गावाच्या वर, जिथे अजून एकही गटार मिळालेली नाही. दुसरं मधोमध. तिसरं शेवटची गटार मिळाल्यानंतर, पाणी एकजीव झालेल्या जागी. एकजीव झालं की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका. डाव्या काठाजवळ, मध्ये आणि उजव्या काठाजवळ टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारं) बुडवून बघा. तिन्ही आकडे जवळपास सारखे येईपर्यंत खाली चालत जा.

वरचं ठिकाण सगळ्यांत महत्त्वाचं, आणि लोक तेच गाळतात, कारण तिथे घाण नसते. अख्खी तपासणी त्या ठिकाणावर उभी असते. वरच्या अंगाला कपाशी-केळी असते, गुरं पाण्यात बसतात, म्हणजे तेही काही गंगोत्री नव्हे. पण तोच काळा पाषाण, तोच पाऊस आणि तेच ऊन. खालच्या नाल्याची तुलना पुस्तकातल्या आदर्श ओढ्याशी न करता त्याच्याच वरच्या अंगाशी करायची.

काठावरच्या म्हाताऱ्या माणसांशी बोला. ‘आबा, पह्यले उन्हायामां आठे पानी ऱ्हाये का?’ (आबा, पूर्वी उन्हाळ्यात इथे पाणी असायचं का?) या एका प्रश्नातून डोह कुठे होते, झिरे कुठे खणायचे, मासे कुठले मिळायचे हे निघतं. भोई कुटुंबांना माशांची नावं आणि ती कधीपासून दिसेनाशी झाली हे दोन्ही पाठ असतं. उत्तर तारखेसकट वहीत लिहा.

पाण्यात उतरण्याआधी

गुडघ्यापर्यंतचे गमबूट, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, धनुर्वाताचं इंजेक्शन वेळेवर घेतलेलं. पायाला जखम असेल तर त्या दिवशी वही सांभाळा. उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस नाल्याच्या पाण्यातून जखमेवाटे शिरतो. काठी आपटत चाला, वेड्या बाभळीच्या जाळीत आणि कचऱ्याच्या ढिगाखाली घोणस असू शकते. बंदिस्त मोरीत किंवा स्लॅबखालच्या नाल्यात कुणीही डोकं घालायचं नाही. तिथला वायू सडक्या अंड्यासारखा वास देतो खरा, पण प्रमाण वाढलं की नाकाला तो वास येणंच बंद होतं. पावसाळ्यात डोंगराकडे ढग दिसले की वर या. ३१ ऑगस्ट २०२१ ला चाळीसगावात तितूर आणि डोंगरी रात्रीतून शहरात शिरल्या होत्या. वरच्या अंगाचा पाऊस गावात पडावाच लागत नाही.

काठ आणि पात्र: आधी नुसतं बघायचं

अर्धा तास काहीही न उचलता १०० मीटर चाला आणि लिहा.

काठावर दोन्ही बाजूंना किती मीटरचा झाडझाडोरा उरलाय? उंबर, करंज, जांभूळ, अर्जुन, निर्गुडी, लव्हाळे दिसले तर काठ अजून जुना आहे. बेशरम, वेडी बाभूळ, गाजरगवत आणि पाण्यावर जलपर्णी एवढंच असेल तर काठ उकरला गेलाय आणि पाण्यात खत जास्त झालंय. हिरवळ म्हणजे आरोग्य नव्हे. जलपर्णीइतकं हिरवंगार दुसरं काही नसतं.

पात्रात खळाळ, डोह आणि वाळूचा पट्टा असे वेगवेगळे भाग आहेत का? जेसीबीने एकसारखा चर काढलेल्या नाल्यात हे तिन्ही जातात आणि त्यांच्यासोबत निम्मे जीवही. शिरपूर तालुक्यात नाले रुंद-खोल करून सिमेंट बंधारे बांधण्याची पद्धत शिरपूर पॅटर्न म्हणून ओळखली जाते. तिचा हेतू पाणी जिरवण्याचा आहे आणि तो हेतू वेगळ्या मापाने मोजायला हवा. गावातल्या नाल्याचं खोलीकरण मात्र बऱ्याचदा पुराचं पाणी लवकर पुढे ढकलण्यासाठी असतं. तपासणीच्या कागदावर दोन्हींना ‘खोलीकरण’ एवढाच शब्द न लिहिता कशासाठी केलं, तळ दगडी ठेवला की खरवडला, हे लिहा.

आता एक दगड उचला, नारळाएवढा. त्याचा किती भाग गाळात रुतलेला होता? दगडावर उरलेली रेघ बघून कळतं. पाव भाग रुतलेला असेल तर ठीक. निम्म्याहून जास्त असेल तर दगडाखालच्या फटी बुजल्या, म्हणजे किड्यांची घरं गेली. दगडाचा खालचा भाग काळा कुळकुळीत आणि वास सडक्या अंड्याचा असेल तर तिथे ऑक्सिजन पोचत नाही. असे दहा दगड दहा वेगळ्या जागी उचला, एकावर निकाल देऊ नका.

पाण्यावर रंगीत तवंग दिसला की लोक थेट गॅरेजकडे बोट दाखवतात. आधी काडीने तवंग फाडा. काचेसारखे तुकडे होऊन ते वेगळेच राहिले तर तो लोखंडावर जगणाऱ्या जिवाणूंचा थर, निरुपद्रवी. काडी काढताच तवंग फिरून पुन्हा जुळला तर तेल. फेसाचंही तसंच: मळकट, मातीचा वास असलेला आणि बोटाने सहज विरणारा फेस पानापाचोळ्याचाही असतो, पांढराशुभ्र, टिकणारा, साबणाचा वास असलेला फेस घरांतून येतो. दगडांवर राखाडी लोकरीसारखी लोंबणारी बुरशी दिसली तर वर जवळच कच्चं सांडपाणी मिळतंय. लगेच मागे वळून पाइप शोधा.

प्रवाह मोजणं

लागतं काय? टेप, फूटपट्टी, मोबाइलमधलं घड्याळ आणि एक संत्रं. संत्रं जवळजवळ पूर्ण बुडून तरंगतं, त्यामुळे वारा त्याला ढकलत नाही. थर्मोकोल किंवा पऱ्हाटीची काडी घेतली तर वाऱ्याचा वेग मोजला जातो.

सरळ, एकसारखा ५ मीटरचा तुकडा निवडा. रुंदी मोजा. काठापासून काठापर्यंत समान अंतरावर पाच जागी खोली मोजून सरासरी काढा. संत्रं रेषेच्या थोडं वर सोडा आणि ५ मीटर पार करायला लागणारे सेकंद मोजा. असं पाच वेळा करा, कधी मध्ये तर कधी काठाजवळ.

समजा रुंदी १.२ मीटर, सरासरी खोली ०.१ मीटर, वेळ २० सेकंद. छेद ०.१२ चौरस मीटर. वरचा वेग सेकंदाला ०.२५ मीटर, तळाशी पाणी हळू असतं म्हणून त्याला ०.८५ ने गुणायचं, ०.२१ आला. गुणाकार केला की सेकंदाला साधारण २५ लिटर, दिवसाला सुमारे २२ लाख लिटर. शहरी पाणीपुरवठ्याचं मापदंडातलं प्रमाण माणशी दिवसाला १३५ लिटर आणि त्यातलं ८० टक्के गटारीत जातं असं धरलं, तर हे जवळपास २० हजार माणसांचं सांडपाणी झालं. जिथे एवढं पाणी मिळतच नाही तिथे माणसं अधिक धरा. मे महिन्यातला हा एक आकडा नगरपालिकेच्या बैठकीत दहा फोटोंपेक्षा जास्त बोलतो. सांडपाणी सकाळी सात ते दहा जोरात असतं आणि दुपारी ओसरतं, म्हणून दिवसातून तीनदा मोजून सरासरी घ्या.

पाण्याच्या चाचण्या

नवख्या गटांचा पैसा इथेच वाया जातो. वीस चाचण्यांचा डबा विकत घ्यायची गरज नाही. तापमान, टीडीएस किंवा विद्युतवाहकता (क्षार वाढले की हीही वाढते), पीएच (पाणी आम्लाकडे की अल्कलीकडे झुकतंय याचं माप), विरघळलेला ऑक्सिजन आणि अमोनिया, एवढं नीट केलं तरी पुष्कळ.

मीटर प्रत्येक फेरीच्या सकाळी तपासून घ्या: पीएच मीटर ७ आणि १० च्या द्रावणात, वाहकतेचा १४१३ मायक्रोसिमेन्सच्या द्रावणात. मे महिन्यात मीटर मोटारसायकलच्या डिक्कीत ठेवलं तर संध्याकाळपर्यंत त्याच्यावर भरवसा राहत नाही. पीएचची काच कोरडी पडू देऊ नका, टोपीत साठवणीचं द्रावण हवं. साधं किंवा आरओचं पाणी टाकून ठेवलं की ती काच हळूहळू मरते.

वाहकतेचा नुसता आकडा फारसं सांगत नाही, वर आणि खाली यांतला फरक सांगतो. चालता चालता दर ५० मीटरवर मोजत गेलात आणि आकड्याने एकदम उडी मारली, तर त्या ५० मीटरमध्येच पाइप आहे. मग तो झाडीत लपलेला असला तरी.

ऑक्सिजन मात्र मन लावून मोजा. मीटर महाग पडतं, म्हणून विंकलर पद्धत (रसायनं घालून ऑक्सिजन मोजण्याची रीत) शिकून घ्या. काचेच्या बुचाची ३०० मिलिलिटरची बाटली पाण्यात आडवी धरून, बुडबुडे न होऊ देता सावकाश भरा. नळाखाली भरतात तशी भरली तर हवेतलाच ऑक्सिजन मोजाल. पिपेटचं टोक पाण्याखाली ठेवून २ मिलिलिटर मँगनीज सल्फेट, मग २ मिलिलिटर अल्कली-आयोडाइड-अझाइड सोडा. बूच लावा. आत बुडबुडा दिसला तर बाटली ओतून द्या, पुन्हा भरा. बाटली दहा-पंधरा वेळा उलटीसुलटी करा.

आता बाटली उजेडात धरा. आत साका धरतो. तो काकवीसारखा तपकिरी असेल तर पाण्यात ऑक्सिजन आहे, जितका गडद तितका जास्त. साका दह्यासारखा पांढराच राहिला तर ऑक्सिजन शून्याच्या जवळ. पुढचं टायट्रेशन (रंग बदलेपर्यंत थेंब थेंब द्रावण घालून मोजणं) होण्याआधीच काठावर उभ्या सगळ्यांना उत्तर दिसतं, शाळेच्या पोरांनासुद्धा.

एवढं झालं की नमुना पक्का झाला. सावलीत, थंड डब्यात ठेवून आठ तासांच्या आत कॉलेजच्या प्रयोगशाळेत न्या. तिथे २ मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालून साका विरघळवायचा, २०३ मिलिलिटर काढून घ्यायचे आणि ०.०२५ नॉर्मल सोडियम थायोसल्फेटने फिका पिवळा रंग येईपर्यंत टायट्रेट करायचं. मग स्टार्च घालून निळा रंग जाईपर्यंत. जितके मिलिलिटर लागले तितके मिलिग्रॅम प्रति लिटर. निळा रंग गेला आणि अर्ध्या मिनिटात परत आला? तर पाण्यात नायट्राइट आहे आणि तुमच्या द्रावणात अझाइड नाही किंवा जुनं झालंय. सांडपाण्याच्या नाल्यात हे हमखास होतं, आणि लोक थायोसल्फेट घालत बसतात. अझाइड विषारी आहे, आम्ल भाजतं. हे दोन्ही पोरांच्या हाती द्यायचे नाहीत.

वेळ लिहायला विसरू नका. शेवाळ भरपूर असलेल्या डोहात दुपारी दोनला ऑक्सिजन १० च्या वर दिसू शकतो आणि पहाटे साडेपाचला २ च्या खाली. ३० अंश तापमानाला पाण्यात हवेमुळे जास्तीत जास्त साधारण ७.५ मिलिग्रॅमच मावतात. त्यापेक्षा बरंच जास्त आलं तर ते शेवाळाचं कर्तृत्व, आणि तेच शेवाळ रात्री तो ऑक्सिजन परत पिऊन टाकतं. मासे पहाटे मरतात. एकच फेरी शक्य असेल तर सूर्य उगवण्याआधीची निवडा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत मासे आणि वन्यजीवांसाठी किमान ४ मिलिग्रॅम हवा, आंघोळीच्या पाण्याला किमान ५.

अमोनियासाठी मत्स्यालयाच्या दुकानातली थेंबांची किट चालते, पण ती एकूण अमोनिया दाखवते. माशांना मारतो तो मोकळा अमोनिया, आणि त्याचा वाटा पीएच ठरवतो. ३० अंशाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियाचा जेमतेम १ टक्का मोकळा असतो. पीएच ८ ला साडेसात टक्के. पीएच ९ ला जवळजवळ ४५ टक्के. म्हणजे शेवाळाने भर दुपारी पीएच ९ वर नेला की सकाळी निभावलेलं पाणी दुपारी विष होतं, किटचा आकडा जरासुद्धा न बदलता. म्हणून अमोनिया आणि पीएच एकाच वेळी, एकाच बादलीतून. मोकळ्या अमोनियाची मंडळाची मर्यादा १.२ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे.

नायट्रेट मोजायचंच असेल तर उलट्या निकालाची तयारी ठेवा. गावाच्या वर, केळी-कपाशीच्या खतामुळे ते जास्त येतं आणि गावाच्या खाली, काळ्या पाण्यात, कमी. ऑक्सिजन संपलेल्या पाण्यात जिवाणू नायट्रेटच श्वासासाठी वापरून टाकतात आणि घाणीतला नायट्रोजन अमोनियाच्या रूपात पडून राहतो. खाली नायट्रेट कमी म्हणून खालचं पाणी चांगलं, असा निष्कर्ष काढू नका.

जिवाणूंसाठी मिळणारी एच-टू-एस कुपी (विष्ठेची घाण मिसळलेल्या पाण्याने काळी पडते ती) नाल्यात वापरू नका. गावातल्या नाल्याच्या पाण्याने ती काळी होणारच, त्यातून नवीन काय कळणार? त्याच कुप्या नाल्याकाठच्या विहिरी आणि हातपंपांना लावा. तिथे उत्तर खरंच माहीत नसतं. बीओडी (घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन खातात त्याचं माप) हवा असेल तर बाटली बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा. आपल्याकडे ही चाचणी २७ अंशाला तीन दिवस चालते.

किडे: नाल्याची वही

बाटलीतलं पाणी त्या क्षणाचं. दगडाखालचा किडा तिथे काही आठवडे-महिने राहिलेला असतो. रात्री कुणी टँकर ओतून गेला तर बाटलीला कळत नाही, किड्याला कळतं.

साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या जाळीचं कापड एक मीटर रुंद, दोन काठ्यांना ताणून शिवा. मच्छरदाणी चालत नाही, तिची भोकं मोठी. लहान किडे निसटतात आणि नाला आहे त्याहून वाईट दिसतो. खळाळाच्या खाली एकाने जाळी तळाला टेकवून धरायची, दुसऱ्याने तिच्या वरच्या बाजूला एक चौरस मीटर जागा पायाने तीन मिनिटं ढवळायची, मोठे दगड हाताने घासायचे. जाळी समोरच्या बाजूला उचलायची, म्हणजे सापडलेलं परत ओघळत नाही. पांढऱ्या ट्रेमध्ये दोन बोटं पाणी घेऊन त्यात जाळी धुवा. मग पाच मिनिटं कुणी बोलू नका, ट्रे हलवू नका. आधी नुसता कचरा वाटतो. मग कचरा चालायला लागतो. खळाळ, काठाचं गवत आणि डोह अशा तीन जागांचे नमुने घ्या. उघड्या काळ्या गटारीत पायाने ढवळू नका, लांब दांड्याची जाळी वापरा.

ओळख शेपटीपासून सुरू करा. तीन बारीक धाग्यांसारख्या शेपट्या आणि पोटाच्या दोन्ही कडांना फडफडणारे कल्ले असतील तर मेफ्लायची अळी. शेपटीला तीन चपटी पानं असतील तर टाचणीची. गुटगुटीत, शेपट्या नसलेली, टोचल्यावर मागून पाणी सोडून पुढे उडणारी चतुराची. वाळूच्या कणांची किंवा काड्यांची नळी पाठीवर घेऊन चालणारी कॅडिसफ्लाय. दोन शेपट्यांची स्टोनफ्लाय सातपुड्यातल्या थंड, वाहत्या ओढ्यांत शोधा. मैदानातल्या नाल्यात ती मिळाली नाही म्हणून हळहळू नका.

दुसऱ्या टोकाला लाल अळ्या. यांच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, म्हणून ऑक्सिजन नसलेल्या गाळातही तगतात. शेपटीची लांब नळी वर काढून हवा घेणारी उंदीरशेपटी अळी, गाळात डोकं खुपसून डोलणारे ट्युबिफेक्स किडे, डासांच्या अळ्या. हे सगळे हवेवर किंवा जवळजवळ हवेशिवाय जगतात. त्यांना पाणी चांगलं असण्याशी देणंघेणं नाही.

गुण असे द्या. मेफ्लाय, नळीवाली कॅडिसफ्लाय, स्टोनफ्लाय यांच्या प्रत्येक प्रकाराला ३. चतुर, टाचणी, खेकडा, पाणभुंगेरे यांना २. लाल अळी, उंदीरशेपटी, ट्युबिफेक्स, जळू, फुफ्फुसाने श्वास घेणाऱ्या गोगलगाई यांना १. किडे किती सापडले ते न मोजता प्रकार किती ते मोजा. हजार लाल अळ्या म्हणजे एकच गुण. अमेरिकेतल्या अशाच एका पद्धतीत २२ च्या वर उत्तम आणि ११ च्या खाली वाईट धरतात, पण त्या पट्ट्या तिथल्या ओढ्यांवर बसवलेल्या. आपण वरच्या ठिकाणाचे गुण शंभर टक्के मानायचे. वर १४ आणि खाली ५ आले, तर खालचा नाला ३६ टक्के.

मेफ्लाय दिसली की लगेच टाळ्या नकोत. तिच्यातली काही कुटुंबं थोडी घाण सोसतात, तर काही गाळातही राहतात. दोन-तीन वेगवेगळ्या ठेवणीच्या मेफ्लाय सापडल्या तर मात्र खरंच चांगलं लक्षण. आणि पक्ष्यांनी फसू नका. लाल लांब पायांचे शेकाट्यांचे थवे काळ्या पाण्यातच गर्दी करतात, कारण लाल अळ्यांची मेजवानी तिथेच असते. एकटा खंड्या पाण्यात सूर मारून मासा काढत असेल तर त्याची नोंद थव्याहून महत्त्वाची. त्यातही तो मासा देशी की गप्पी-तिलापिया, हे जमलं तर बघा. गप्पी पृष्ठभागाचा पातळ थर पिऊन जगतो, त्यामुळे गटारीतही टिकतो.

किडे मोजून झाले की त्याच जागी सोडा. एखादा ओळखला नाही तर ७० टक्के अल्कोहोलमध्ये बुडवा, बाटलीत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी टाका. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते. प्राणिशास्त्राच्या विभागात दाखवा.

कागद कसा लावायचा

प्रत्येक ठिकाणाचं एकच पान: तारीख, वेळ, आधीच्या तीन दिवसांचा पाऊस, नळाचा दिवस होता की नाही, काठ, रुतलेले दगड, प्रवाह, पाच चाचण्या, किड्यांचे गुण, मोबाइलने घेतलेले अक्षांश-रेखांश, वरच्या आणि खालच्या दिशेचा एकेक फोटो. फोटो दर फेरीला त्याच दगडावर किंवा त्याच खांबापाशी उभं राहून काढा, नाहीतर दोन वर्षांनी तुलना करता येत नाही.

निकालाला एकच बेरीज करू नका. काठ उत्तम पण पाणी मेलेलं, आणि काठ काँक्रीटचा पण पाणी बरं, या दोघांना सरासरीत सारखेच गुण मिळतील आणि दोघांचं औषध वेगळं आहे. पहिल्याला गटार वळवायला हवी, दुसऱ्याला काठ मोकळा करायला हवा. पाणी, पात्र, काठ, जीव असे चार वेगळे शेरे लिहा.

पाइप सापडला तर नगरपालिकेला अर्ज देताना ‘प्रदूषण होत आहे’ असं न लिहिता, कुठल्या सर्व्हे नंबरपाशी, किती इंची पाइप, किती वाजता, सेकंदाला किती लिटर आणि त्याच्या वर-खाली वाहकता किती, हे लिहा. पाइपखाली बादली धरून भरायला लागलेले सेकंद मोजले की लिटरचा हिशेब होतो. कारखान्याचा संशय असेल तर अर्जाची प्रत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयाला द्या आणि पोच घ्या. तुमचे आकडे न्यायालयात पुरावा म्हणून उभे राहण्यासाठी नसतात. मंडळाच्या माणसाने नमुना कुठून आणि किती वाजता घ्यायचा, हे त्याला अचूक सांगण्यासाठी असतात. सकाळी नऊला वाहणारा पाइप दुपारी चारला कोरडा असतो, आणि पाहणी बहुतेक वेळा दुपारी होते.

घरी आल्यावर जाळी, बूट आणि ट्रे ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुऊन उन्हात पूर्ण वाळवा, मगच दुसऱ्या नाल्यावर न्या. गोगलगाईंची पिल्लं आणि जलपर्णीचे तुकडे ओल्या जाळीला चिकटून सहज प्रवास करतात.